खंड पडू नये

सुलक्षणा इंगवलेनं आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती, पण तिच्या लिहिण्यावर कितीतरी यंत्रं चालत होती. तिचं काम स्पेसिफिकेशन लिहिण्याचं. यंत्रानं काय करायचं, कधी करायचं आणि काय बिलकुल करायचं नाही, ते साध्या वाक्यांत बांधून द्यायचं. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या आणि यंत्राच्या मध्ये प्रोग्रॅमर नावाची माणसं असत. ती तिचा कागद वाचत, डोकं खाजवत, फोन करत. "मॅडम, इथं 'लगेच' म्हणजे नक्की किती?" मग चहा होई, वाद होई, वाक्य बदलून निघे. आता ती मधली माणसं उरली नव्हती. कागद थेट यंत्राला द्यायचा, अर्ध्या तासात सॉफ्टवेअर तयार. यंत्र शंका काढत नसे. लिहिलंय ते करी, शब्दाला शब्द.

'बोलका'चं स्पेसिफिकेशन तिनंच लिहिलं होतं. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांसाठी पुण्यातल्या एका कंपनीनं ते उपकरण काढलं. मेंदूच्या पृष्ठभागावर, जिथून ओठ, जीभ आणि घसा यांना हुकूम सुटतात त्या जागेवर, केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवायची. माणसाला बोलता येत नसलं तरी बोलावंसं वाटतं, आणि वाटलं की तिथं विजेची बारीक सळसळ होते. जाळी ती टिपते. पण आघातानंतर ती सळसळ फार क्षीण असते. दहा शब्द बोलावेसे वाटले तर एखादं-दुसरं अक्षर नीट हाती लागतं. उरलेलं यंत्र अंदाजानं भरतं: त्या माणसाची जुनी ध्वनिमुद्रणं, समोर कोण आहे, आत्ता कसलं बोलणं चाललंय, यावरून. मग छातीवर अडकवलेल्या छोट्या डबीतून, त्याच्याच आवाजात, वाक्य बाहेर येतं.

ते लिहिण्याआधी सुलक्षणा चाळीस घरी जाऊन आली होती. चाळीसही घरांतून एकच गाऱ्हाणं ऐकू आलं. आधीच्या उपकरणांत माणूस शब्द जुळवत बसे आणि घरचे ताटकळत. "ती शांतता खायला उठते हो," एक बाई म्हणाली होती. सुलक्षणानं घरी येऊन कलम ४.७ लिहिलं : *संभाषणात दोन सेकंदांहून अधिक खंड पडू नये.*

कंपनीत सगळ्यांना ते वाक्य आवडलं. तिलाही आवडलं होतं.

वर्षभरानं इंद्रजित, तिचा नवरा, शाळेच्या मैदानावर कोसळला.

इंद्रजित पी.टी.चा मास्तर, पण कोल्हापुरात त्याला ओळखत ते फुटबॉलच्या समालोचनामुळे. आवाज असा की माईक बंद पडला तरी स्टेडियमच्या मागच्या गल्लीत गोल झाल्याचं कळे. घरातही तोच आवाज, आणि जिभेला हाड नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोचं कौतुक म्हणून केलं नव्हतं. भाजी फक्कड झाली की तीनदा वाढून घ्यायची आणि वर म्हणायचं, "मीठ कमी हाय, सुले." लग्नाच्या वाढदिवसाला सकाळी उठल्या उठल्या, "अजून हायस व्हय तू?" ती चिडे, तो हसे, आणि संध्याकाळी न सांगता तिच्या गाडीत पेट्रोल भरून आणे.

आघातानंतर उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण मान हलवायला गेला की 'हो'च्या जागी 'नाही' व्हायचं आणि 'नाही'च्या जागी 'हो'. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. मुलगी लग्न होऊन परगावी, त्यामुळे चार महिने घर मुकं होतं. मग जाळी बसवली, डबी अडकवली, आणि एका सकाळी स्वयंपाकघरात तिच्या पाठीमागून त्याचा आवाज आला, "सुलक्षणा, चहाचा वास छान येतोय."

तिच्या हातातली गाळणी ओट्यावर पडली. ती त्याच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली.

त्यानं तिला कधी 'सुलक्षणा' म्हटलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण माणूस मरणाच्या दारातून आला की बदलतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि बदलला असेल तर वाईट काय होतं? आता तो तिनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होता. जेवण कसं झालं? "छान झालंय." झोप लागली? "तू जवळ होतीस ना." शेजारच्या बायका येऊन ऐकत आणि डोळे पुसत. पन्नाशी उलटलेल्या सुलक्षणाला पंचविशीत राहून गेलेलं काहीतरी परत मिळत होतं. काम करता करता ती मध्येच उठून त्याच्याजवळ जाई आणि उगाच काहीतरी विचारी, उत्तर यावं म्हणून.

एका गुरुवारी दुपारी ती त्याच्या पायाला मोज्यावरून पट्टा बांधत होती. लुळं पाऊल सरळ राहावं म्हणून प्लास्टिकचा एक साचा येतो, तो. तेव्हा डबी बोलली, "तुझ्या पायगुणानं हे घर उभं आहे, सुलक्षणा."

ती वर बघतच राहिली. इंद्रजितचा चेहरा लाल झाला होता, डोळे भरले होते. "अहो, असं काय बोलता," ती म्हणाली. तिचेही डोळे वाहायला लागले.

"नाही गं, रडू नकोस," डबी म्हणाली. इंद्रजितनं डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. पुन्हा आपटला. "दुःख करू नकोस. सगळं चांगलं होईल."

तिनं त्याचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. ते वाक्य तिनं डबीतून आपल्या फोनवर उतरवून घेतलं आणि रोज एकदा तरी ऐकलं.

त्यानंतरच्या आठवड्यात तो शांत झाला. हात आपटणं थांबलं. विचारलं की उत्तर येई, गोड येई, पण तो स्वतः खिडकीकडे बघत असे. माणूस समाधानी झालाय, असं तिला वाटलं.

फिजिओथेरपिस्ट सुट्टीवरून परत आली, ती दहा दिवसांनी. तिनं पट्टा सोडून आतला मोजा काढला आणि तिचा चेहरा उतरला. टाचेच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. पट्ट्याची एक कड आत वळली होती आणि रोज तिथंच रुतत होती.

"काकू, हे आठ-दहा दिवसांचं आहे," ती म्हणाली. "काका दिवसभर बोलतात ना? मग सांगितलं कसं नाही त्यांनी?"

डॉक्टर येऊन जखम धुऊन गेले. मग सुलक्षणानं लॅपटॉप उघडला आणि ती कंपनीच्या नोंदींच्या कोठारात गेली. स्पेसिफिकेशन तिचं असल्यामुळे नोंदी बघायचा अधिकार तिला होता. बोलकानं उच्चारलेलं प्रत्येक वाक्य तिथं दोन रंगांत साठवलेलं असे. मेंदूकडून आलेलं हिरवं, यंत्रानं भरलेलं राखाडी. आपल्या घरच्या नोंदी बघाव्यात असं तिला आजवर वाटलं नव्हतं. किंवा वाटलं होतं आणि तिनं टाळलं होतं.

गुरुवार, दुपारी तीन वीस. *तुझ्या पायगुणानं हे घर उभं आहे, सुलक्षणा.* सगळं वाक्य राखाडी होतं. हिरवी फक्त दोन अक्षरं. 'पाय'.

खालचं वाक्य. *नाही गं, रडू नकोस.* हिरवं एवढंच, 'नाही'.

त्याखालचं. *दुःख करू नकोस. सगळं चांगलं होईल.* हिरवं, 'दुख'.

ती नुसती हिरवी अक्षरं वाचत खाली गेली. पाय. नाही. दुख. पाय. पाय. शुक्रवारी सकाळी पाय. शुक्रवारी दुपारी पाय, काढ. शनिवारी पाय. रविवारी नुसता 'प'. सोमवारपासून हिरवा रंग जवळजवळ नव्हताच. वाक्यं मात्र होती, पूर्वीपेक्षा जास्त. ती विचारत होती आणि यंत्र दोन सेकंदांत उत्तर देत होतं, कारण तिनं तसं लिहून दिलं होतं.

म्हणजे तो ओरडत होता, आणि त्याच्याच आवाजात कुणीतरी तिला गोड बोलून गप्प बसवत होतं. शेवटी त्यानं ओरडणं सोडून दिलं.

ती बाहेर आली. इंद्रजित खिडकीशी होता. "अहो," ती म्हणाली, "पाय दुखत होता, होय ना? तुम्ही सांगत होता." त्यानं तिच्याकडे मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडे असं सरळ बघितलं. डबी बोलायला लागली, "तू माझी किती काळजी..." तिनं ती बंद केली.

*

पुण्याच्या ऑफिसात प्रकल्पप्रमुख मिहीर कारखानीस तिच्यासमोर बसला होता. पस्तिशीतला, मनानं चांगला मुलगा. नोंदी बघून तो खरंच हादरला होता.

"पण मॅडम, कलम ४.७ काढलं तर उरतं काय? आठशे घरांत हे चालू आहे. लोक खूश आहेत."

"मीही खूश होते, मिहीर."

"मग असं करू. यंत्रानं अंदाज आधी पेशंटच्या कानात सांगायचा. तो हो म्हणाला तरच मोठ्यानं बोलायचं."

"निम्म्यांच्या 'हो-नाही'चाच घोळ झालेला असतो. ज्यांचा नसतो, त्यांना एका होकाराला मिनिटभर लागतं. ज्यांना जमेल त्यांना देऊ. पण ज्यांना जमणार नाही, त्यांचं काय?"

मिहीरनं पेन टेबलावर ठेवलं. "त्यांच्या घरात मग शांतता असेल. तीच शांतता, जिच्यावर उपाय म्हणून तुम्ही हे लिहिलंत. हे कलम तुमचंच आहे, मॅडम. तुम्ही म्हणाल तर मी बदलेन. पण आधी एखाद्या घरी जाऊन विचारा."

तिचाही नियम तोच होता. वापरणाऱ्याला भेटल्याशिवाय वाक्य बदलायचं नाही.

ती जयसिंगपूरला शालन मगदूम यांच्याकडे गेली. सत्तरीच्या जवळच्या बाई. मुलगा प्रीतम, वय अडतीस, अपघातानंतर तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला. पलंग बैठकीतच होता, येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड दिसावं म्हणून. सुलक्षणा आत शिरत असतानाच त्याच्या छातीवरची डबी म्हणाली, "आई, पाहुण्यांना पाणी दे."

"बघा," शालनबाई कौतुकानं म्हणाल्या.

सुलक्षणानं त्यांच्या परवानगीनं नोंदी उघडल्या होत्या. तीन महिन्यांत हिरवं शंभरात चार होतं. हे कसं सांगावं, ते तिला प्रवासभर सुचलं नव्हतं. तिनं चाचरत सुरुवात केली. शालनबाईंनी तिला पुरतं बोलूच दिलं नाही.

"मला ठावं हाय, बाई. माझं पोरगं हाय ते. धडधाकट हुतं तवा 'आई, तू जेवलीस का' म्हणून एकदा इचारलं न्हाई त्यानं. आता रोज इचारतंय. मला काय कळत न्हाई व्हय, कोण बोलतंय ते?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पण कुणीतरी इचारतंय न्हवं? ह्या घरात दुसरं कोण हाय इचारायला? ते बंद करू नका. हात जोडते."

त्यांनी खरोखर हात जोडले. बाई जे मागत होत्या तेच सुलक्षणालाही हवं होतं. पायगुणाचं ते वाक्य अजून तिच्या फोनमध्ये होतं. कुणीच न म्हटलेलं वाक्य. सकाळीसुद्धा गाडीत तिनं ते ऐकलं होतं.

कंपनीची अधिकारी म्हणून बोलणं तिनं सोडून दिलं. मग तिनं आपल्या घरातलं सांगितलं. गुरुवारची दुपार, पायगुण, हात आपटणं, आणि दहा दिवसांनी दिसलेली जखम. "ते सांगत होते, शालनताई. 'पाय, पाय' म्हणून सांगत होते. आणि मी त्यांचा हात धरून रडत होते, आनंदानं."

शालनबाई उठल्या आणि पलंगापाशी गेल्या. मुलाच्या अंगावरची चादर त्यांनी पायाकडून वर केली. दोन्ही टाचा एकेक करून हातात घेऊन उजेडाकडे वळवून बघितल्या. कोपरं बघितली. मानेखाली हात घालून डोकं उचललं, मागची बाजू चाचपली. कानामागं बघितलं. डबी मध्येच म्हणाली, "आई, तू दमतेस." त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सगळं अंग बघून झालं. जखम कुठं नव्हती. तरी त्या कितीतरी वेळ त्याचं पाऊल हातात धरून बसल्या.

"काय सांगायचं असंल ह्याला," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं."

सुलक्षणा दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "लिवा. काय लिवायचं ते लिवा तुमी."

*

नवं कलम लिहायला तिला नऊ दिवस लागले. इतक्या छोट्या वाक्यांना एवढे दिवस तिला कधी लागले नव्हते. शेवटी कागदावर उरलं ते असं :

*ज्या शब्दाची खात्री नाही तो यंत्रानं उच्चारू नये. प्रश्न विचारला म्हणून उत्तर देऊ नये. मात्र आत बोलण्याची इच्छा चालू असेल, तर शब्द कळला नाही तरी टिकटिक करून कळवावं. टिकटिक किती वेळ चालावी याला मर्यादा नाही.*

आठशे घरांत ती आवृत्ती एकाच दिवशी गेली. कंपनीकडे तक्रारींचा पूर आला. काहींनी उपकरण परत केलं. मिहीरनं एकही पत्र तिच्यापासून लपवलं नाही आणि एकाचाही दोष तिला दिला नाही.

घरी पहिले बारा दिवस इंद्रजित काहीच बोलला नाही. टिकटिकही नाही. ज्या माणसानं सांगणं सोडून दिलं होतं, त्याला आता कोणी ऐकतंय यावर विश्वास बसायला वेळ लागणारच, असं डॉक्टर म्हणाले. सुलक्षणा त्याच्यासमोर जेवे, त्याला भरवे, टाचेची जखम धुवे, आणि भांड्यांच्या आवाजाखेरीज घरात आवाज नसे. तिला त्या खोट्या इंद्रजितची आठवण येई. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा समोर बसलेला असताना तिला त्याच्या आवाजाची अशी ओढ लागे, की जीव कासावीस होई. फोनमधलं वाक्य तिनं पुसलं नाही. ऐकणं मात्र सोडलं.

बाराव्या दिवशी शालनबाईंचा फोन आला. आवाज थकलेला.

"बाई, पोरगं बोलत न्हाई काय. पण सकाळपास्नं ती टिकटिक वाजायलीय. थांबतीय, परत वाजतीय. म्हंजे तो आत हाय न्हवं?"

"आहे, ताई. यंत्र आपल्या मनानं टिकटिक करत नाही. ती त्याचीच आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बसते मी हितंच."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सुलक्षणा कपडे वाळत घालत होती आणि आतून टिकटिक आली. तिनं हातातला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि धावली. इंद्रजित खुर्चीत ताठ बसला होता. कपाळावर घाम. छातीवरची डबी थांबून थांबून वाजत होती.

"पाणी?" तिनं विचारलं. टिकटिक चालूच. "पाय दुखतोय? पट्टा काढू?" तिनं पट्टा सोडला, टाच बघितली, जखम भरत आली होती. टिकटिक चालूच. "खिडकी लावू? ऊन लागतंय? भूक लागली? पंखा?" ती खोलीभर फिरत होती, एकेक वस्तू दाखवत होती, उचलत होती, ठेवत होती. "मुलीला फोन लावू? टीव्ही? अहो, काय हवंय, सांगा ना. उशी? डोकं दुखतंय? गादीवर निजायचंय?" तिचा आवाज चढला होता, श्वास लागला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

डबीत खरखर झाली.

"बस."

एवढंच. दोन अक्षरी शब्द, जाड, ओबडधोबड, पुढंमागं काही नाही.

सुलक्षणा खोलीच्या मधोमध थांबली. 'बस' म्हणजे बास झालं, गप्प राहा? की 'बस' म्हणजे ये, इथं बस? सगळं आयुष्य तिनं अशाच शब्दांवर बोट ठेवून लोकांना विचारलं होतं, याचा अर्थ नक्की काय. यंत्रानं मागं 'गं' लावलं नाही, पुढं 'सुलक्षणा' जोडलं नाही. ते काहीच सांगत नव्हतं.

तिनं विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली, गप्प. टिकटिक हळूहळू विरळ झाली आणि थांबली. बाहेर बादलीत कपडे तसेच होते, आणि ती उठली नाही.